दोन पेट्यांचा पाळणा

भामाबाईंना सहसा कशाची किळस येत नसे. चाळीस वर्षं त्यांनी जत्रांमधून लाकडी रहाटपाळणा फिरवला होता. भजी, जिलेबी आणि उसाचा रस पोटात घेऊन पोरं पाळण्यात बसत आणि वरून खाली येताना त्यातलं बरंचसं पाळण्यातच ठेवून जात. राखेची बादली पाळण्याच्या पायाशी कायम भरलेली असे. राख टाकायची, खराट्यानं ओढायची, ओल्या फडक्यानं पेटी पुसायची आणि पुढच्या लेकराला बसवायचं. हे करताना त्यांनी कधी नाकाला पदर लावला नाही. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लातूरच्या पुढच्या त्या मोठ्या पार्कातून परत आल्यावर त्यांनी अन्नाला हात लावला नाही, तेव्हा घरच्यांना ते दुखणं वाटलं. सुनेनं ओवा दिला, मुलानं गोळी आणली. दुखणं नव्हतंच. त्यांना किळस आली होती, आणि ती नेमकी कशाची, हे तोंडातून निघायला सोमवारची सकाळ उजाडावी लागली.

नायगावपासून चार किलोमीटरवरच्या खेड्यात भामाबाईंचं घर. पाळणा त्यांच्या सासऱ्यांनी करून घेतलेला. दोन उभे खांब, मध्ये बाभळीचा जाड कणा आणि त्याला चार सागवानी पेट्या. एका पेटीत दोन मोठी माणसं किंवा चार लेकरं मावत. इंजिन नाही, वीज नाही, नुसता हातानं फिरवायचा. नवरा रामकिशन एका बाजूनं आणि भामाबाई दुसऱ्या बाजूनं, असा त्यांचा संसार त्या पाळण्याभोवती गेला. माळेगाव, उमरी, भोकर, कधी पार लातूरपर्यंत बैलगाडीत आणि पुढं टेम्पोत घालून त्यांनी तो नेला. त्या काळी काही गावांत त्यांच्या मडक्यातलं पाणी लोक पीत नसत, पण लेकरं मात्र त्यांच्या पेटीत खुशाल बसवत. रामकिशन त्यावर हसायचे. म्हणायचे, तहान लागली की यांना जात आठवते, पोरगं रडायला लागलं की पाळणा आठवतो.

पाळण्याचे नियम तीन होते आणि ते सासऱ्यांपासून चालत आलेले. जत्रेतली पहिली फेरी घरच्या माणसानं बसून करायची, म्हणजे लोकांना दिसतं की यांचा यांच्या लाकडावर भरवसा आहे. प्रत्येक पेटीची आडवी दांडी बसवल्यावर तिला हात लावून पाहायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. आणि आतून कुणीही थांब म्हणालं की हात थांबायचा. म्हणणारा कोण, खरं म्हणतोय की लाडानं, बाकीच्या तीन पेट्यांतले ओरडतात का, हे बघायचं नाही. आधी थांबवायचं, मग विचारायचं. काही टारगट पोरं मुद्दाम थांब म्हणत, उतरत आणि खिदळत पळून जात. तरी नियम मोडला नाही.

रामकिशन जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर गावातली दोन माणसं हाताशी घेऊन भामाबाई वर्षाकाठी दोन-तीन जत्रा करत राहिल्या. मुलगा आनंदराज नायगावला पंचायत समितीत कारकून. त्याला आईचं हे जत्रेतलं उभं राहणं आताशा खुपायला लागलं होतं, पण तो तोंडानं बोलत नसे. ते दाखवून दिलं त्याच्या मुलीनं, विशाखानं. ती लातूरला अकरावीत होती, वसतिगृहात राहत होती. तिच्या खोलीतल्या सुकन्यानं, उदगीरच्या एका डॉक्टरांच्या मुलीनं, कुणाच्या तरी मोबाईलवर भामाबाईंचा पाळणा ढकलतानाचा फोटो पाहिला आणि चार मुलींसमोर विचारलं, ही तुझी आजी का गं. विशाखानं घरी येऊन दोन दिवस जेवताना मान वर केली नाही.

त्यातच गावच्या विहारात वाचनालय करायचं ठरलं. पुस्तकं आली, मांडण्या नव्हत्या. दयानंद सुतारानं पाळण्याचं सागवान पाहून सांगितलं की असलं लाकूड आता मिळत नाही, याच्या सुरेख मांडण्या होतील. आनंदराजनं आईपुढं विषय काढला. कामही चांगलं, लाकूडही सत्कारणी लागतंय, आणि माय, तुझं वय झालंय.  भामाबाई म्हणाल्या की लातूरकडं म्हणे मोठं पार्क झालंय, आकाशात रूळ टाकून गाडी फिरवतात, पोरं त्याच्यासाठी जीव टाकतात. ते मला एकदा बघू द्या. ते माझ्यापेक्षा माणसाला नीट सांभाळत असेल, तर दयानंदाला म्हणावं सोमवारी करवत घेऊन ये.

असं ठरवून शनिवारी पहाटे साडेपाचच्या एसटीनं मायलेक निघाले. लातूरला विशाखा आणि सुकन्या येऊन मिळाल्या. चौघं साडेदहाला पार्काच्या फाटकाशी उभे.

पहिली गाठ पडली ती निळ्या पिंपाशी. फाटकावर पिशव्या उघडून बघत होते. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. भामाबाईंनी तीन वाजता उठून केलेल्या ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची कोरडी भाजी आणि सुकन्याला म्हणून मुद्दाम केलेल्या दशम्या, सगळं तपासणाऱ्या बाईनं फडक्यासकट उचललं आणि पिंपात टाकलं. परत जाताना घेऊन जातो म्हटलं तर तशी सोय नाही म्हणाली. भामाबाईंनी पिंपात डोकावून पाहिलं. चपात्यांच्या चळती, दहीभात, दिवाळीचे लाडू, कुणाची तरी बारीक कापलेली काकडी, सगळं एकमेकांत कालवलेलं आणि त्यावर माशांचा थर. इतक्या बायका आज अंधारात उठल्या होत्या. त्यांच्या घशाशी काहीतरी आलं ते इथंच पहिल्यांदा. ओकारी जमिनीवर पडलेली त्यांनी जन्मभर पाहिली होती, पण कुणी न खाल्लेल्या अन्नाची ओकारी त्यांना नवी होती.

आत गेल्यावर मुलींना आधी पाण्यात जायचं होतं. त्यासाठी तिथलेच कपडे भाड्यानं घ्यायचे. खिडकीतून ओले, कुबट वासाचे नायलॉनचे कपडे पुढं आले. विशाखाच्या विजारीच्या आत कुणाचे तरी लांब केस चिकटलेले होते. तिनं ते दोन बोटांनी काढून टाकले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आत गेली. भामाबाई मुलींचे कपडे मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसल्या. समोरच्या हिरवट पाण्यात शेकडो माणसं एका जागी उभी राहून उड्या मारत होती, कडेला जखमेच्या पट्ट्या तरंगत होत्या आणि वरच्या भोंग्यातून कुणीतरी सारखं सांगत होतं की मजा करा, ओरडा, आणखी जोरात ओरडा. आनंदराजनं बटाटेवडा आणला. तो कालचा होता. भामाबाईंनी एक घास घेतला आणि बाकीचा कागदात गुंडाळून हातातच धरून ठेवला, कारण त्यांना तो टाकताही येईना.

दुपारी दोनच्या सुमारास सगळे त्या मोठ्या गाडीकडं गेले. निळ्या-पिवळ्या लोखंडी खांबांवर रूळ चढले होते, उलटे झाले होते, गाठ मारल्यासारखे फिरून खाली आले होते. रांगेतले कठडे हजारो हातांच्या घामानं चिकट झाले होते. रांगेच्या वाटेवरच एक दुकान होतं. गाडी उंचावरून खाली पडते त्या क्षणी आपोआप फोटो निघतो आणि इथं तो विकत मिळतो. भिंतीवर मोठ्या पडद्यावर ते फोटो ओळीनं लागत होते. फाटलेली तोंडं, पांढरे झालेले डोळे, एक बाई तर उघड रडत होती आणि खाली तिचा नंबर झळकत होता. भामाबाईंनी आनंदराजला विचारलं की हे माणसाला विकतात म्हणजे काय करतात. तो म्हणाला, आठवण म्हणून घेतात, माय. त्यांना काही ते पटलं नाही. भ्यालेल्या माणसाचं तोंड त्यांनीही जन्मभर बघितलं होतं. तसं तोंड दिसलं की पाळणा थांबवायचा असतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पार्क नीट पारखायचं म्हणून त्या स्वतः बसणार होत्या. पण वर गेल्यावर कळलं की साठीच्या वरच्यांना बसू देत नाहीत. आनंदराजला रक्तदाबाची गोळी चालू असल्यानं तो खालीच थांबला होता. मग विशाखा आणि सुकन्या पहिल्या डब्यात बसल्या. भामाबाईंना, पिशव्या घेऊन, गाडी चालवणाऱ्याच्या टेबलापाशी उभं राहायला सांगितलं. चालवणारा तिशीचा माणूस, दाढी कोरलेली, एका हातात मोबाईल. दुसऱ्या एकानं डब्यांच्या कडेनं चालत माणसांवरच्या दांड्या खाली ओढल्या. त्यानं कुणाच्याही चेहऱ्याकडं पाहिलं नाही. भामाबाईंचा हात आपसूक पुढं गेला आणि त्यांनी विशाखाची दांडी हलवून पाहिली. दांडी पक्की होती. त्या माणसानं त्यांना मागं ओढलं. सुकन्या हसली. विशाखाची मान लाल झाली.

टेबलावर तीन बटणं होती. भामाबाईंनी विचारलं, हे लाल कशाचं. चालवणारा मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, थांबवायचं. कधी दाबता, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला की दाबायची वेळच येत नाही.

गाडी निघाली. आधी एक उंच चढ होता, साखळी खडखड करत गाडीला हळूहळू वर नेत होती. चढ टेबलापासून दहा पावलांवर सुरू होत होता. अर्ध्या चढावर गाडी पोचली आणि वरून विशाखाचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता, पण भामाबाईंच्या कानांना बाकी सगळा गोंगाट वजा करायची सवय होती. विशाखा म्हणत होती, "आज्जी, थांबव. थांबव गं."

भामाबाईंनी चालवणाऱ्याच्या बाहीला हात लावला. "पोरगी थांब म्हणून राहिली."

"सगळेच म्हणतात, आजी."

"सगळेच म्हणतात, अन् तू एकदाबी थांबवत न्हाईस?"

तो हसला आणि अंगठ्यानं मोबाईलवरचं चित्र सरकवलं. भामाबाईंनी लाल बटण दाबलं.

साखळी थांबली. चोवीस माणसं चढावर, पाठ खाली आणि पाय वर, अशी लटकली. भोंगा गप्प झाला. मग एकदम सगळीकडून माणसं धावली. चढाच्या कडेला लोखंडी जिना होता, त्यावरून एकेकाला हात धरून उतरवावं लागलं. त्याला पाऊण तास लागला. उतरणारी माणसं भामाबाईंकडं बोट दाखवून बोलत होती, काहींनी मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला. कुणी म्हातारी म्हणालं, कुणी खेडवळ. विशाखा अगदी शेवटी उतरली. तिचे ओठ पांढरे पडले होते. भामाबाईंनी तिला धरायला हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

ऑफिसात व्यवस्थापक शांत होता. त्याला लेखी माफीनामा हवा होता, म्हणजे कुणी तक्रार केली तर त्याच्या हाताशी कागद राहील. विशाखाचं अक्षर चांगलं म्हणून तिलाच लिहायला बसवलं. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. मी परवानगीशिवाय बटण दाबले. त्यामुळे लोकांची गैरसोय झाली. त्याबद्दल मी माफी मागते. इथवर भामाबाईंना काही म्हणायचं नव्हतं, ते सगळं खरंच होतं. मग तो म्हणाला की पुढं लिहा, गाडीतील कोणीही थांबवायला सांगितले नव्हते.

भामाबाई म्हणाल्या की सांगितलं होतं. व्यवस्थापकानं विशाखाकडं पाहिलं. पहिल्या डब्यात तुम्हीच होता, तुम्ही सांगितलं होतं का? दारात सुकन्या उभी होती आणि तिच्यामागं गाडीतली आणखी चार-पाच माणसं. विशाखानं पेनाच्या टोकाकडं पाहत सांगितलं, "नाही."

आनंदराज हळूच म्हणाला, "माय, सही कर. बस सुटंल."

भामाबाई साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्या होत्या. भामाबाई रामकिशन हणमंते. एवढं लिहायला त्यांना मिनिटभर लागे आणि प्रत्येक अक्षर त्या पाटीवर काढल्यासारखं काढत. त्यांनी सही केली. बाहेर पडताना एका वळणावर कुणीतरी ओकलं होतं आणि एक कामगार जाड पाइपानं पाणी मारून ती ओकारी शेजारच्या फुलझाडांत ढकलत होता. भामाबाई क्षणभर थांबल्या. आज दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना ओळखीचं काही दिसलं होतं. पण राख नव्हती, आणि ज्याला त्रास झाला त्याला पाणी द्यायला कुणी थांबलेलं नव्हतं.

सुकन्या लातूरला उतरली. विशाखा सुट्टीसाठी गावी आली.  रविवारी भामाबाई अंगणातल्या बाजेवर पडून राहिल्या. छपराखाली पाळण्याच्या पेट्या एकमेकींवर रचून ठेवलेल्या होत्या. भामाबाई रामकिशनना मनातल्या मनात काही विचारत होत्या. त्यांचा पाळणा फार साधासुधा होता असंही नाही. बढाई मारणारी पोरं बसली की रामकिशन मुद्दाम जोरात ढकलत, पोरं किंचाळत आणि ते ऐकून रांग वाढे. किंचाळण्यावर त्यांचंही पोट चालायचं. तेव्हा पार्काला नावं ठेवायला आपलं तोंड किती मोठं, हे त्यांना कळत होतं. पण निळं पिंप, ते केस, ती विकायला लावलेली तोंडं, सगळं बाजूला केलं तरी घशाशी आलेलं खाली जात नव्हतं.

सोमवारी सव्वाआठला दयानंद करवत, पटाशी आणि एक जुनं पोतं घेऊन आला. आनंदराजनं त्याला परत पाठवायची तयारी ठेवली होती. आईला पार्क अजिबात आवडलं नाही, म्हणजे पाळणा राहणार, असं तो धरून चालला होता. भामाबाई बाजेवरून उठल्या आणि छपराकडं बोट करून म्हणाल्या, घे, काढ.

आनंदराजनं विचारलं, का म्हणून. त्या म्हणाल्या, "म्या सहीनिशी लिहून दिलं की कुणीच थांब म्हणलं न्हाई. खोटं लिहून दिलं. असल्या हातानं आता पाळणा कसा धरू? मला माझ्याच हाताची किळस येऊन राहिली."

दयानंद दोघांकडं पाहत उभा राहिला. मग त्यानं सगळ्यात वरची पेटी खाली घेतली, पाय देऊन धरली आणि तळाच्या फळीला करवत लावली. जुन्या सागवानाचा गोड, तेलकट वास अंगणभर झाला. पहिली फळी अर्धी कापली जाईपर्यंत कुणी हललं नाही. फळी तुटून पडली तेव्हा विशाखा घरातून बाहेर आली. एका बाजूची वेणी घातलेली, दुसरी मोकळी.

ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, मी म्हणले होते. आज्जीला थांबव म्हणले होते."

आनंदराजचा चेहरा कडक झाला. मग तिथं का नाही सांगितलंस, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, सुकन्या होती. तेवढंच. दयानंदानं करवत उचलून धरली, ना खाली ठेवली ना चालवली.

भामाबाईंनी नातीकडं पाहिलं. "किती येळा म्हणलीस?"

"दोनदा."

"म्याबी दोनदाच ऐकलं."

त्या खाली बसल्या आणि तुटलेली फळी हातात घेऊन पाहिली. जोडण्यासारखी राहिली नव्हती. दयानंद चाचरत म्हणाला की मावशे, आता तीन पेट्यांचा पाळणा काही फिरायचा नाही, एका अंगाला झुकून पडेल. भामाबाईंना ते कुणी शिकवायला नको होतं. त्या म्हणाल्या, "मग समोरचीबी काढ. दोन मांडण्या होतील. दोन पेट्या राहू दे."

विहाराच्या त्या दोन मांडण्या आजही आहेत. खालच्या फळीवर आडव्या दांडीच्या भोकांची खूण दिसते. पार्कातला कागद मात्र पार्कातच राहिला, खोटा, त्यांच्या सहीसकट. विशाखानं पार्कवाल्यांना खरं काय ते पत्रानं कळवीन म्हटलं होतं, अजून लिहिलेलं नाही. भामाबाई विचारत नाहीत. त्या सोमवारी दुपारी त्यांनी सुनेला भाकर टाकायला सांगितली आणि दीड भाकर खाल्ली.

माळेगावच्या जत्रेला पाळणा गेला. दोनच पेट्या पाहून लोक हसले. विशाखा दोन दिवसांची रजा काढून आली होती आणि पहिल्या फेरीला न सांगता पेटीत जाऊन बसली. दांडी बसवल्यावर भामाबाईंनी ती हलवून पाहिली. तोल राहावा म्हणून समोरच्या रिकाम्या पेटीत तिच्या भाराचे दगड भरायचे होते. विशाखानं आपलं वजन दोन किलो कमी सांगितलं होतं, त्यामुळे ते दगड तीन वेळा उतरवून पुन्हा भरावे लागले.